पेनसिल्व्हेनियात होमस्कूलिंग: नक्की कोणती कागदपत्रं आणि कधी द्यायची?

शेवंती
सध्या आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आहोत. दोन्ही मुलं घरीच शिकतात. मुलगा पाचवीत (वय १०), मुलगी दुसरीत (वय ७). नवऱ्याच्या नव्या नोकरीमुळे नोव्हेंबरच्या मध्यात पेनसिल्व्हेनियात, चेस्टर काउंटीत एक्स्टनच्या बाजूला राहायला जायचं आहे. न्यू जर्सीत कुणाला काही कळवावं लागत नाही. तिकडे मात्र फार कागद लागतात असं ऐकलं. अर्ज १ ऑगस्टपर्यंत द्यायचा असतो म्हणे, ती तारीख तर केव्हाच गेली. मग आता काय करायचं? मुलांच्या अर्ध्या लसी भारतात झाल्या आहेत, त्या चालतील का? मुलीला आधी शाळेत असताना बोलण्याच्या अडचणीसाठी आयईपी (विशेष शिक्षणाचा वैयक्तिक आराखडा) होता, त्याचा काही संबंध येतो का? शिवाय जानेवारी ते मार्च पुण्याला जायचं ठरतंय आणि सासूसासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. मी एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला) आहे. ज्यांना नेमका कायदा माहीत आहे त्यांनी कृपया सांगा. ‘बघा गुगल करून’ नको.

डेलावेअरकाठ
आधी फरक समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. न्यू जर्सीचा कायदा ‘शाळेखेरीज इतरत्र समतुल्य शिक्षण’ एवढंच म्हणतो. १९६७ च्या मासा खटल्यात तिथल्या कोर्टाने समतुल्य म्हणजे अभ्यासाच्या दर्जाने समतुल्य असा अर्थ लावला. म्हणून तिथे नोंदणी नाही, परीक्षा नाही. पेनसिल्व्हेनियात होमस्कूलिंगसाठी पब्लिक स्कूल कोडमध्ये स्वतंत्र कलम आहे, १३२७.१. त्यात कोणता कागद, कुणाला, केव्हा हे सगळं लिहिलेलं आहे. सक्तीच्या शिक्षणाचं वय ६ ते १८, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात येतात.

१ ऑगस्टची धास्ती घेऊ नका. ती तारीख आधीपासून सुरू असलेल्या कार्यक्रमाच्या दरवर्षीच्या अर्जाची आहे. नव्याने सुरू करणाऱ्याने शिकवणं सुरू करण्याआधी अफिडेविट (शपथपत्र) द्यायचं, मग तो महिना कोणताही असो. पुढच्या वर्षीपासून मात्र १ ऑगस्ट चुकवू नका.

अफिडेविट तुम्ही जिथे राहायला जाल त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (सरकारी शाळांच्या स्थानिक विभागाच्या) सुपरिटेंडेंटकडे, म्हणजे प्रमुखाकडे, जातं. राज्याच्या शिक्षण खात्याकडे काहीच पाठवायचं नाही. कागद एडिसनमध्येच तयार करून ठेवा आणि तिकडे राहायला गेल्यावर लगेच द्या. एक्स्टन हे टपालाचं नाव आहे, स्कूल डिस्ट्रिक्टच्या हद्दी त्याप्रमाणे नाहीत. घराचा पत्ता काउंटीच्या नकाशावर टाकून डिस्ट्रिक्ट कोणतं ते आधी पक्कं करा. चुकीच्या डिस्ट्रिक्टला दिलेलं अफिडेविट न दिल्यासारखंच, आणि शेजारचं डिस्ट्रिक्ट ते आपणहून पुढे पाठवेल अशा भरवशावर राहू नये.

त्यात असतं ते असं: कार्यक्रमाच्या ‘सुपरवायझर’चं नाव (म्हणजे तुम्ही किंवा नवरा, जो मुख्यतः शिकवणार तो), मुलांची नावं व वयं, पत्ता आणि फोन, सगळे सक्तीचे विषय इंग्रजीतून शिकवले जातील हे विधान, विषयवार उद्दिष्टांची रूपरेषा, लसीकरण व आरोग्य तपासण्यांचा पुरावा आणि घरातल्या प्रौढांबद्दलचं प्रमाणन. सुपरवायझरकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा समकक्ष पात्रता हवी. आपली बारावी किंवा पदवी पुरते, एक प्रत हाताशी ठेवा. सही नोटरीसमोर करायची. नोटरी नको असेल तर ‘अनस्वॉर्न डिक्लरेशन’चा नमुना शिक्षण खात्याच्या साइटवर आहे, तोही ग्राह्य धरतात.

सासूसासरे: प्रमाणनात ‘घरात राहणारे सर्व प्रौढ’ असा शब्दप्रयोग आहे. गेल्या पाच वर्षांत ठरावीक गंभीर गुन्ह्यांत कुणी दोषी ठरलेलं नाही एवढंच तुम्ही लिहून देता. सहा महिने राहणारे आजीआजोबाही त्यात धरावेत. पण बोटांचे ठसे, पोलिस क्लिअरन्स असलं काही या कलमात नाही. कुणी मागितलं तर नम्रपणे कलम विचारा.

अर्ज हातोहात देऊन प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, नाहीतर सर्टिफाइड मेलने पाठवून पोचपावती जपा. आणि सर्वांत महत्त्वाचं, डिस्ट्रिक्टच्या ‘मंजुरी’ची वाट बघत बसायचं नसतं. परिपूर्ण अफिडेविट दाखल केलं की कायद्यापुरता पुरावा झाला. ‘आपला अर्ज मंजूर झाला आहे’ असं छान पत्र काही डिस्ट्रिक्ट पाठवतात, ती त्यांची हौस.

माणदेशी
एवढा उपद्व्याप कशाला? सायबर चार्टरला (ऑनलाइन शाळेला) नाव घाला. फुकट आहे, लॅपटॉपही मिळतो, मुलं घरीच. होमस्कूलिंगच झालं की ते.

डेलावेअरकाठ
माणदेशी, नाही हो, कायद्याने ती सरकारी शाळा आहे. हजेरी त्यांची, अभ्यासक्रम त्यांचा आणि पीएसएसए ही राज्याची परीक्षाही सरकारी शाळेसारखीच. जानेवारी ते मार्च पुण्यात बसून त्यांच्या वेळेच्या वर्गांना हजेरी लावणं कसं जमेल ते बघा. काही घरांना तो पर्याय छान बसतो, पण सायबर चार्टरमध्ये नाव असेल तर अफिडेविट द्यायचं नसतं. दोन्ही एकदम केलं तर नोंदींचा घोळ होतो आणि मग गैरहजेरीची पत्रं घरी येऊ लागतात.

पाटीपेन्सिल
रूपरेषेबद्दल थोडं, कारण नवे लोक इथेच दमतात. पंधरा पानी अभ्यासक्रम लिहू नका. कायद्यातच म्हटलं आहे की कार्यक्रम नियमाप्रमाणे चाललाय की नाही हे ठरवण्यासाठी सुपरिटेंडेंटने ही रूपरेषा वापरायची नाही. मग लांबण कशाला लावायची? प्रत्येक विषयाला एकदोन ओळी पुरे. ‘गणित: पूर्णांक, अपूर्णांक व दशांश यांच्या क्रिया, मोजमाप, प्राथमिक भूमिती.’ झालं. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आठवडेवार वेळापत्रक यातलं काही लिहू नका. लिहिलंत आणि मधे पुस्तक बदललंत तर पुढे कुणीतरी बोट ठेवणार.

प्राथमिक पातळीचे (सहावीपर्यंत) सक्तीचे विषय: इंग्रजी (स्पेलिंग, वाचन, लेखन), अंकगणित, विज्ञान, भूगोल, अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास, नागरिकशास्त्र, सुरक्षाशिक्षण, आरोग्य व शरीरशास्त्र, शारीरिक शिक्षण, संगीत, कला. न्यू जर्सीतून येणाऱ्यांचं हमखास राहतं ते दोन ठिकाणी. पेनसिल्व्हेनियाचा इतिहास, आणि सुरक्षाशिक्षणात आगीचे धोके व प्रतिबंध. आगीबद्दल कायद्यात ‘नियमित आणि सातत्याने’ असे शब्द आहेत, म्हणून ते रूपरेषेतही हवं आणि वर्षभराच्या नोंदीतही अधूनमधून दिसायला हवं. स्मोक अलार्म तपासणं, घराबाहेर पडायचे दोन मार्ग आखणं, दिवाळीत पणत्या पडद्यापासून किती लांब ठेवायच्या, सगळं चालतं. फक्त तारीख टाका.

दिवसांचं गणित: १८० दिवस, किंवा प्राथमिकला ९०० तास आणि सातवीपासून ९९० तास. दोन्हीतलं एकच धरा. प्राथमिकला दिवस मोजणं सोपं, कारण एका दिवसात किती तास हवेत ते कायद्यात नाही. शैक्षणिक वर्ष १ जुलै ते ३० जून. रविवारी शिकलात तरी दिवस धरता येतो, आणि शिकणं घराबाहेर झालं तरी. पुण्यातले जानेवारी–मार्च वाया जात नाहीत, नोंद मात्र तिथेही चालू ठेवा. एडिसनमध्ये जुलैपासून काय केलं त्याचीही नोंद आणि नमुने टाकू नका. वर्षाच्या शेवटी बाहेरची पात्र व्यक्ती मुलांचं मूल्यमापन करते, तिच्यासमोर अख्खं वर्ष ठेवता आलं पाहिजे.

पोर्टफोलिओत (मुलाच्या वर्षभराच्या कामाच्या फाइलमध्ये) तीन गोष्टी लागतात: शिकवतानाच त्या त्या वेळी लिहिलेली नोंदवही, ज्यात वाचनसाहित्य नावानिशी लिहिलेलं असतं, मुलाच्या कामाचे नमुने, आणि तिसरी, पाचवी, आठवीत प्रमाणित चाचणीचा निकाल. नोंदवही म्हणजे निबंध नव्हे. एका दिवसाची नोंद एवढी पुरते:

‘दिवस ६१. गणित – असमान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, १४ उदाहरणं. वाचन – (पुस्तकाचं नाव), प्रकरण ५ व ६. इतिहास – विल्यम पेन, १६८१ ची सनद. सुरक्षा – तेलाच्या कढईला आग लागली तर झाकण, पाणी नाही. पोहणे ४० मिनिटं.’

जून उजाडल्यावर बसून १८० दिवस आठवून लिहिणारे असतात. कळतं ते. सगळीकडे एकच पेन, एकच अक्षर, आणि नाताळच्या दिवशीही भूमिती!

नमुने प्रत्येक विषयाचे तीन काळातले ठेवा, सुरुवात, मध्य, शेवट. प्रगती दिसणं हा मुद्दा आहे. सगळे दहापैकी दहाचे कागद लावले तर त्यातून प्रगती दिसत नाही. चुकलेलं आणि नंतर सुधारलेलं पान जास्त बोलकं असतं. संगीत, खेळ यांचे फोटो किंवा क्लासची पावती चालते.

शेवंती
फार उपयोगी. दोन शंका. मुलगा पाचवीत म्हणजे याच वर्षी चाचणी आली का? आणि ‘इंग्रजीतून’ म्हणजे आम्ही मराठीत समजावून सांगितलं तर नियमभंग का? विज्ञान तर बरंचसं मराठीतच बोलतो आम्ही.

पाटीपेन्सिल
हो, चाचणी याच वर्षी. फक्त भाषा-वाचन आणि गणित. शिक्षण खात्याच्या यादीतली कोणतीही चाचणी घ्या, आयोवा, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया अचीव्हमेंट, टेरानोव्हा या नेहमीच्या. आईवडील किंवा पालक यांनी ती घ्यायची नाही एवढी कायद्याची अट. काही चाचण्यांचे प्रकाशक परीक्षकाकडे पदवी असावी असंही म्हणतात, तेव्हा आधी विचारून घ्या. पास-नापास नाही, किमान गुणांची अट नाही, निकाल डिस्ट्रिक्टकडे जात नाही. तो पोर्टफोलिओत राहतो आणि मूल्यमापन करणारी व्यक्ती बघते. पुण्याहून परतल्यावर एप्रिल-मेमधली जागा आत्ताच धरा. गटाने घेतल्या जाणाऱ्या चाचण्या वसंतातच असतात आणि लवकर भरतात.

मराठीचं: विषय इंग्रजीतून ‘उपलब्ध’ असायला हवेत. घरात मराठीत बोलू नका असं कुठेच म्हटलेलं नाही. पुस्तकं आणि लिहिलेलं काम मुख्यतः इंग्रजीत असू द्या, समजावणं कोणत्याही भाषेत होवो. मराठी वाचन-लेखन जास्तीचा विषय म्हणून नोंदवा, पुस्तकांच्या यादीत मराठी नावंही घाला. फक्त शेजारी एका ओळीत इंग्रजीत आशय लिहा, नाहीतर मूल्यमापन करणाऱ्याला ते पान असून नसल्यासारखं.

निवडुंग
लसींचं मी सांगते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्यांचं गाडं इथेच अडतं. पेनसिल्व्हेनियात सगळ्या वर्गांना: धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला ४ डोस (एक चौथ्या वाढदिवसाला किंवा नंतर), पोलिओ ४ (शेवटचा चौथ्या वाढदिवसाला किंवा नंतर, आणि आधीच्या डोसनंतर किमान सहा महिन्यांनी), गोवर-गालगुंड-रुबेला २, हिपॅटायटिस बी ३, कांजिण्या २ किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा. सातवीत टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा बूस्टर) आणि मेनिंजायटिसची लस वाढते.

भारतातल्या कार्डात अडचण कुठे येते? एक, सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेला) देतात, त्यात गालगुंड नाही, म्हणून ती एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) म्हणून धरली जात नाही. कार्डावर ‘एमआर’ आहे की ‘एमएमआर’ ते नीट बघा. दोन, कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खाजगी डॉक्टरांकडे घेतली असेल तरच नोंद असते, आणि बऱ्याच जणांचा दुसरा डोस राहिलेला असतो. तीन, तारखा. ०५/०८ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट, इथे ८ मे. यामुळे दोन डोसमधलं अंतर कमी दिसतं किंवा ‘चौथ्या वाढदिवसाआधी दिला’ असा निष्कर्ष निघतो. चार, बीसीजी, टायफॉइड यांचा इथे उपयोग नाही, असल्या तर असू द्या. मूळ कार्ड डिस्ट्रिक्टला देऊ नका. इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून सगळं एका इंग्रजी पत्रकावर महिन्याचं नाव अक्षरात लिहून उतरवून घ्या, तेच जोडा. डोस राहिला असेल तर तोही तेव्हाच होऊन जातो. वैद्यकीय, धार्मिक वा तात्त्विक कारणाने सवलत आहे, पण ती लेखी द्यावी लागते. नुसतं रिकामं सोडू नका.

आरोग्य तपासण्या: वैद्यकीय तपासणी राज्यात पहिल्यांदा नोंद होताना, मग सहावी आणि अकरावीत. दातांची पहिल्या नोंदीला, मग तिसरी आणि सातवीत. तुमच्या हिशेबाने पुढच्या वर्षी मुलाची वैद्यकीय आणि मुलीची दातांची आलीच.

डेलावेअरकाठ
मुलीच्या आयईपीबद्दल लिहायचं राहिलं. मूल विशेष शिक्षणासाठी ‘ओळखलं गेलेलं’ असेल, निव्वळ वाचादोषासाठी असलं तरी, तर कार्यक्रम तिच्या गरजा भागवतो अशी लेखी संमती अफिडेविटसोबत लागते. देणारी व्यक्ती विशेष शिक्षणाचं प्रमाणपत्र असलेली शिक्षिका, परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा प्रमाणित स्कूल सायकॉलॉजिस्ट. या कागदाशिवाय अफिडेविट अपुरं ठरतं, आणि तुमच्या बाबतीत सर्वांत वेळखाऊ हेच आहे, म्हणून आजच शोधायला लागा. ऑक्टोबरमध्ये भेट ठरवलीत तर नोव्हेंबर गाठता येईल. मूल्यमापन होऊन तिला आता विशेष शिक्षणाची गरज नाही असं शाळेने लेखी दिलं असेल तर प्रश्नच मिटला, तो कागद शोधून ठेवा. आयईपी नुसता जुना झाला म्हणून प्रश्न आपोआप संपला असं समजू नका.

वर्षाअखेरचं मूल्यमापन: प्राथमिकच्या मुलांसाठी प्राथमिकचा अनुभव असलेली पेनसिल्व्हेनियाची प्रमाणित शिक्षिका, किंवा परवानाधारक क्लिनिकल वा स्कूल सायकॉलॉजिस्ट, किंवा खाजगी शाळेतली शिक्षिका वा प्रशासक जिला राज्यातल्या शाळेत गेल्या दहा वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आहे. न्यू जर्सीचं प्रमाणपत्र असलेली तुमची मैत्रीण इथे चालणार नाही. सुपरवायझर स्वतः किंवा जोडीदारही नाही. मूल्यमापन करणारी व्यक्ती मुलाशी बोलते, पोर्टफोलिओ बघते आणि ‘योग्य शिक्षण होत आहे’ असं पत्र देते. ३० जूनपर्यंत सुपरिटेंडेंटकडे फक्त ते पत्र जातं. २०१४ चा कायदा १९६ येईपर्यंत पोर्टफोलिओही द्यावा लागायचा, आता नाही. जुन्या फॉर्मवर अजून तो रकाना दिसला तर दचकू नका आणि पोर्टफोलिओ देऊनही टाकू नका.

वर्षाच्या मधे सुपरिटेंडेंटला शिक्षण होत नसल्याचा सयुक्तिक संशय आला तर तो सर्टिफाइड मेलने पत्र पाठवून ३० दिवसांत मूल्यमापन मागू शकतो. पुण्यात असताना असं पत्र आलं आणि घरी कुणी उघडलं नाही तर मुदत तशीच संपते. म्हणून टपाल बघणारा माणूस नेमून जा.

आणि राज्यातल्या राज्यात डिस्ट्रिक्ट बदललं (भाड्याचं घर सोडून विकत घेतलं की हे होतंच), तर ३० दिवस आधी आत्ताच्या सुपरिटेंडेंटकडे रजिस्टर्ड मेलने ट्रान्सफरचं पत्र मागायचं असतं. हे फारच थोड्यांना माहीत असतं.

एच-४ चं: स्वतःच्या मुलांना शिकवणं ही नोकरी नव्हे. पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं शिकवायची झाली तर इएडी (काम करायचा परवाना) लागेल. होमस्कूलिंगच्या कलमातही सुपरवायझर म्हणजे त्याच मुलाचे आईवडील किंवा पालक, शेजाऱ्यांच्या मुलांच्या तुम्ही सुपरवायझर होऊ शकत नाही.

परतवारी
पुण्याला कायमचं परतायचं मनात असेल तर एक गोष्ट जपा. दरवर्षीचं अफिडेविट, मूल्यमापनाचं पत्र आणि चाचणीचा निकाल एकत्र ठेवा. आपल्याकडची शाळा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ मागते आणि तो तुमच्याकडे नसणार. तेव्हा हीच कागदपत्रं पुढे करायची. मूल्यमापनाचं पत्र नोटराइज करून त्यावर राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणन) घेता येतं. भारत आणि अमेरिका दोन्ही अपोस्टिलच्या हेग करारात असल्याने वेगळा वकिलातीचा शिक्का लागत नाही. आठवीपर्यंत आरटीई २००९ च्या कलम ४ नुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मागता येतो. नववीपासून मात्र बोर्डाचे नियम लागतात आणि मान्यताप्राप्त शाळेतला मागचा वर्ग दाखवायची वेळ येते. त्यावेळी एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) हा रस्ता आहे, दहावीसाठी किमान वय १४.

शेवंती
सगळ्यांचे आभार. आत्ताच आयईपीच्या फाइली काढल्या. शेवटच्या बैठकीच्या कागदावर ‘सेवा समाप्त’ असं लिहून आईवडिलांची सही घेतलेली आहे, पण मूल्यमापनाचा अहवाल नाही. एवढ्यावर भागेल?

डेलावेअरकाठ
नुसत्या त्या ओळीवर विसंबू नका. आईवडिलांनी सेवा नाकारली म्हणून बंद झाल्या, की तपासून गरज संपली म्हणून, हे त्यावरून कळत नाही. जुन्या शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमला (आयईपी बघणाऱ्या गटाला) ईमेल करून पूर्ण फाइल मागा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमाप्रमाणे विनंतीनंतर जास्तीत जास्त ४५ दिवसांत ती दाखवावी लागते. तुमचा नोव्हेंबर जवळ आहे, तेव्हा त्यांची वाट बघत न बसता संमती देणाऱ्या सायकॉलॉजिस्टची भेटही आजच ठरवा. फाइल वेळेत आली आणि गरज संपल्याचं त्यात लेखी निघालं तर भेट रद्द करता येईल.